जुन्या हवाई छायाचित्रात रस्ते आणि खुणा कशा शोधाव्यात

जुने हवाई छायाचित्र हाती आले की बहुतेक जण आधी आपले घर शोधतात आणि तिथेच अडकतात, कारण घरे बदलतात. नदी, रेल्वेमार्ग आणि दगडी तट मात्र सहसा जागा सोडत नाहीत.

छायाचित्र पुण्याचे असेल, तर प्रथम ते असे फिरवावे की सावल्या आपल्या दिशेने पडतील, नाहीतर टेकड्या खड्ड्यांसारख्या भासतात. मग मुळा-मुठेचा संगम, त्याजवळचा रेल्वेपूल आणि शनिवारवाड्याच्या तटाचा चौकोन शोधावा. वाड्याचा दिल्ली दरवाजा उत्तरेकडे असल्याने दिशाही तिथेच पक्की होते. हे बिंदू सापडल्यावर गूगल अर्थ प्रो या मोफत प्रणालीत छायाचित्र आजच्या चित्रावर ठेवून, त्याची पारदर्शकता कमी-जास्त करत, नेमके जुळवून घ्यावे.

बुजलेल्या रस्त्याची रेघ बहुधा मागे उरते: झाडांची लांब रांग, एकाच वळणाने जाणारे शेतांचे बांध, किंवा आजूबाजूच्या काटकोनी आखणीला न जुमानता तिरकी गेलेली प्लॉटची हद्द. माझ्या मते ही तिरकी हद्द सर्वांत विश्वासू खूण होय. नदीकाठच्या पेठांत वाड्यांची दाटी दिसली, तर छायाचित्र १२ जुलै १९६१ च्या पानशेत पुरापूर्वीचे असण्याची शक्यता अधिक.

जुळवणीसाठी पर्वतीचा माथा मात्र कधीही घेऊ नये. उंच जागा छायाचित्राच्या मध्यापासून बाहेर सरकलेल्या दिसतात आणि त्यांच्यावर विसंबल्यास सगळे रस्ते चुकीच्या जागी पडतात.