नेटिव्ह ॲपचा इव्हेंट लूप वेगळ्या थ्रेडवर चालवताय? या चुका टाळा

अँड्रॉइडवर सी किंवा सी++ मध्ये ॲप लिहिणाऱ्यांना एनडीके या साधनसंचासोबत 'नेटिव्ह ॲप ग्लू' नावाची एक छोटी फाइल मिळते. ती एक नवा थ्रेड (प्रोग्राममधला समांतर चालणारा कामाचा धागा) उघडते, त्यात तुमचं 'अँड्रॉइड_मेन' फंक्शन चालवते आणि त्या थ्रेडला त्याचा स्वतःचा लूपर, म्हणजे इव्हेंटची वाट पाहून ते उचलणारी यंत्रणा, देते. अँड्रॉइड २.३ पासून, म्हणजे २०१० पासून ही सोय आहे. इतकी वर्षं झाली तरी मला दाखवायला आणलेल्या कोडमध्ये चुका त्याच असतात. त्यांचं मूळही एकच असतं. लूप वेगळ्या थ्रेडवर गेला म्हणजे आपल्याला मोकळं रान मिळालं, आता आत कितीही वेळ घालवला तरी मेन थ्रेडला, म्हणजे स्क्रीन आणि सिस्टिमचे निरोप सांभाळणाऱ्या मुख्य थ्रेडला, फरक पडणार नाही, असं लोक धरून चालतात.

फरक पडतो. ग्लूची फाइल उघडून एकदा शेवटपर्यंत वाचा. ती मोठी नाही, तासाभरात होते. त्यात दिसेल की ॲक्टिव्हिटीचे (ॲपच्या स्क्रीनचे) सगळे कॉलबॅक, म्हणजे सिस्टिमकडून येणारे निरोप, मेन थ्रेडवरच येतात. ग्लू त्यांची एका बाइटची कमांड करून पाइपमध्ये टाकतो. तुमचा लूप ती पाइप वाचतो. आणि कमांड टाकल्यावर बऱ्याच ठिकाणी मेन थ्रेड पुढे न जाता कंडिशन व्हेरिएबलवर, म्हणजे दुसऱ्या थ्रेडने इशारा देईपर्यंत, थांबून राहतो. पॉज आलं, तुमच्या थ्रेडने ते उचलेपर्यंत थांब. विंडो जाणार आहे, तुमच्या थ्रेडने ती सोडेपर्यंत थांब. स्टेट सेव्ह करायची आहे, ती तयार होईपर्यंत थांब. तुमचा लूप उशीर करतो तितका वेळ मेन थ्रेड अडकून बसतो. थ्रेड दोन असले तरी ते असे एकमेकांना बांधलेले आहेत.

लूपच्या आत जड काम

ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे, म्हणून ती सविस्तर सांगतो.

एका टीमचं थ्री-डी ॲप होतं. महागड्या फोनवर छान चालायचं, स्वस्त फोनवर 'ॲप प्रतिसाद देत नाही' ही पाटी, म्हणजे एएनआर, यायची, तीही काही जणांनाच. टीमने आधी जीपीयूच्या ड्रायव्हरवर संशय घेतला. वेगवेगळे फोन आणून झाले, टेक्स्चरचा आकार कमी करून झाला. एएनआरचा ट्रेस, म्हणजे त्या क्षणी कुठला थ्रेड कुठे होता याची नोंद, मात्र कुणी नीट वाचला नव्हता. ट्रेसमध्ये मेन थ्रेड स्वच्छ दिसत होता: ऑनपॉजमधून ग्लूच्या 'सेट ॲक्टिव्हिटी स्टेट' या फंक्शनमध्ये आणि तिथून पीथ्रेडच्या कंडिशन वेटमध्ये. म्हणजे तो कुणाची तरी वाट पाहत होता. कुणाची, ते कळायला त्याच ट्रेसमध्ये थोडं खाली जाऊन दुसरा थ्रेड बघायचा होता. तो थ्रेड 'इनिट विंडो'च्या हँडलरमध्ये होता आणि फाइली डिकम्प्रेस करत होता.

घडत होतं ते असं. विंडो मिळाल्याबरोबर सगळे ॲसेट तिथेच, त्याच हँडलरमध्ये लोड व्हायचे. चांगल्या फोनवर ते पटकन उरकायचं. स्वस्त फोनवर बराच वेळ लागायचा, स्क्रीन काळी राहायची, माणूस वैतागून होम दाबायचा, लगेच परत यायचा आणि स्क्रीनवर बोट टेकवायचा. होम दाबताच मेन थ्रेड पॉजची पोच मिळण्याची वाट पाहत थांबलेला. पोच देणारा थ्रेड लोडिंगमध्ये. टच इव्हेंट ५ सेकंदांत हाताळला गेला नाही की सिस्टिम एएनआर धरते. तशी ती धरत होती.

इथपर्यंत ठीक होतं, कारण सापडलं की दुरुस्ती होते. पण मी पोहोचण्याआधीच टीममधल्या एका उत्साही मुलाने ट्रेसमध्ये ग्लूच्या फंक्शनचं नाव पाहून निष्कर्ष काढला होता की चूक ग्लूमध्येच आहे. त्याने ती फाइल प्रोजेक्टमध्ये कॉपी करून त्यातले सगळे कंडिशन वेट काढून टाकले. एएनआर थांबले. टीमने तेच रिलीज केलं. आणि क्रॅश सुरू झाले, तेही प्रत्येक फोनवर वेगळे: कुठे ड्रायव्हरच्या आत सेगमेंटेशन फॉल्ट, कुठे ईजीएलकडून (विंडो आणि ग्राफिक्स यांना जोडणाऱ्या दुव्याकडून) खराब सरफेसची तक्रार, कुठे नुसती गोठलेली स्क्रीन. कारण 'टर्म विंडो'च्या, म्हणजे विंडो जाण्याच्या, वेळी मेन थ्रेड आता थांबतच नव्हता. सिस्टिम विंडो काढून घ्यायची आणि यांचा थ्रेड त्याच विंडोवर पुढची फ्रेम काढायला जायचा. आधीचा एएनआर एका ट्रेसमध्ये उलगडत होता. हे नवे क्रॅश उलगडायला कितीतरी जास्त वेळ गेला, कारण ते वेळेच्या योगायोगावर अवलंबून होते आणि टेबलावरच्या फोनवर होतच नव्हते.

दुसऱ्याच्या कोडमध्ये लॉक किंवा वेट दिसला की तो का ठेवला आहे हे कळल्याशिवाय त्याला हात लावू नका. हे मी प्रत्येक नव्या मुलाला सांगतो. तो वेट हाच दोन थ्रेडमधला करार असतो.

खरी दुरुस्ती साधी होती. ग्लू मूळचा परत आणला. लोडिंग तिसऱ्या थ्रेडवर टाकलं. तो फाइल वाचतो, डिकम्प्रेस करतो, मेमरीत तयार ठेवतो आणि 'एलूपर_वेक' करून लूपला उठवतो. ते फंक्शन कुठल्याही थ्रेडवरून बोलावता येतं. जीपीयूवर चढवण्याचं काम लूपच्या थ्रेडवरच राहतं, कारण ईजीएल काँटेक्स्ट तिथे करंट असतो, पण तेही एका फ्रेममध्ये थोडं थोडंच. माझी सवय अशी की प्रत्येक कमांडच्या हँडलरच्या आधी आणि नंतर वेळ मोजायची आणि तो १०० मिलिसेकंदांच्या वर गेला की लॉगकॅटमध्ये (अँड्रॉइडच्या लॉगमध्ये) लाल ओळ टाकायची. हा आकडा माझा स्वतःचा आहे, कुठल्या नियमातला नाही. पण ती ओळ दिसली की मी दुसरं काम हातात घेत नाही.

याचं मोल फक्त समाधानापुरतं नाही. वापरणाऱ्याला जाणवलेले एएनआर रोजच्या ०.४७ टक्के युजरांच्या वर गेले की प्ले स्टोअर ते ॲप वाईट वर्तनात धरतं आणि त्याचं दिसणं कमी होऊ शकतं.

पोलचा टाइमआउट

लूप ज्या कॉलने इव्हेंट मागतो तो पोल. त्याला टाइमआउट शून्य दिला तर तो लगेच परत येतो, उणे एक दिला तर इव्हेंट येईपर्यंत झोपतो. ॲनिमेशन चालू असेल तर शून्य, नसेल तर उणे एक. नमुना कोडमध्ये हे एका ओळीत असतं आणि लोक ती ओळ 'सोपी' करून कायमचा शून्य ठेवतात. मग ॲप मागे गेलं तरी एक कोअर अखंड फिरत राहतो आणि फोन खिशात तापतो. त्यावर उपाय म्हणून लूपमध्ये 'यूस्लीप' घालणारे भेटतात. ते करू नका. झोपायचं काम पोलचंच आहे आणि तो इव्हेंट आला की जागा होतो, यूस्लीप होत नाही.

'पोलऑल' अजून वापरत असाल तर सोडा. त्यात वेक हरवू शकतो, म्हणून नव्या एनडीकेत कम्पाइलरच अडवतो. 'पोलवन्स' घ्या. पण बदलताना परत येणारी किंमत तपासा. प्रत्येक उणे आकडा म्हणजे एरर नव्हे: उणे १ म्हणजे वेक, उणे २ कॉलबॅक, उणे ३ टाइमआउट. एरर फक्त उणे ४. उणं दिसलं की अँड्रॉइड_मेनमधून बाहेर पडणारा कोड मी पाहिला आहे आणि तो पहिल्याच वेकला ॲप बंद करत होता.

आणि फ्रेम काढण्याआधी साठलेले सगळे इव्हेंट संपवा. एका फ्रेममागे एकच इव्हेंट उचलला तर बोट पुढे आणि चित्र मागे राहतं.

मेन थ्रेडचा जेएनआय हँडल उचलणं

जेएनआय म्हणजे सी++ मधून जावाला बोलावण्याची सोय. ॲक्टिव्हिटीच्या स्ट्रक्चरमध्ये तिचा 'एन्व्ह' नावाचा पॉइंटर समोरच दिसतो आणि घाईतला माणूस तो उचलतो. हेडर फाइलमध्ये त्याच्यावरच लिहिलेलं आहे की तो फक्त मेन थ्रेडवर वापरायचा. तुमचा थ्रेड वेगळा आहे. अँड्रॉइड_मेनच्या पहिल्या ओळीत तो जावाच्या रनटाइमला अटॅच करा, बाहेर पडण्याआधी डिटॅच करा आणि मधल्या काळात तोच एन्व्ह वापरा. डिटॅच न करता थ्रेड संपला तर रनटाइम ॲपच पाडतं. फंक्शनमधून बाहेर पडायच्या वाटा अनेक असतील तर डिटॅच पीथ्रेड कीच्या डिस्ट्रक्टरमध्ये ठेवा, म्हणजे विसरायला जागा उरत नाही. दर फ्रेमला अटॅच-डिटॅच करणं हाही उपाय नव्हे.

याच्या पुढची खोच जास्त लोकांना अडवते. अटॅच केलेल्या थ्रेडवरून 'फाइंडक्लास'ने स्वतःचा जावा किंवा कॉटलिन क्लास शोधला तर तो सापडत नाही. स्ट्रिंग, ॲरेलिस्ट मात्र सापडतात, त्यामुळे माणूस स्पेलिंग तपासत बसतो, प्रोगार्ड (कोडमधली नावं बदलणारं साधन) बंद करून बघतो. कारण एवढंच की त्या थ्रेडच्या स्टॅकवर तुमच्या ॲपचा जावा कोड नसतो, म्हणून शोध सिस्टिमच्या क्लासलोडरमधून होतो. ॲक्टिव्हिटीच्या ऑब्जेक्टवरून तिचा क्लासलोडर मागा आणि 'लोडक्लास'ने क्लास आणा. स्ट्रक्चरमध्ये हा ऑब्जेक्ट 'क्लॅझ' या नावाने आहे. नाव फसवं असलं तरी तो क्लास नाही, ॲक्टिव्हिटीच आहे. सापडलेला क्लास ग्लोबल रेफरन्समध्ये ठेवा. अनेक जण सांगतात की हे 'जेएनआय_ऑनलोड'मध्ये करा. साध्या नेटिव्हॲक्टिव्हिटीत (ग्लू ज्यावर बसतो तो तयार क्लास) ते फंक्शन बोलावलंच जात नाही. स्वतःचा सबक्लास करून त्यात 'सिस्टिम.लोडलायब्ररी' केलं तरच ते चालतं.

टोस्ट, डायलॉग किंवा कुठल्याही व्ह्यूला लूपच्या थ्रेडवरून हात लावू नका. जावाच्या बाजूला एक छोटी मेथड लिहा आणि तिच्यात 'रनऑनयूआयथ्रेड' वापरा.

बंद होताना

'डिस्ट्रॉय रिक्वेस्टेड' तपासून अँड्रॉइड_मेनमधून परत या. परत आला नाहीत तर ऑनडिस्ट्रॉयमध्ये मेन थ्रेड तुमची वाट बघत बसतो. 'एक्झिट(०)' ही पळवाट आहे, तिने त्याच प्रोसेसमधल्या सर्व्हिससकट सगळंच मरतं.

आणि नीट परत आलात तरी प्रोसेस जिवंत राहते. पुढच्या वेळी अँड्रॉइड_मेन पुन्हा बोलावलं जातं तेव्हा तुमचे ग्लोबल आणि स्टॅटिक व्हेरिएबल जुन्याच किमती धरून बसलेले असतात. 'इनिशियलाइझ झालं' असा एक फ्लॅग खरा राहतो, सेटअप टाळला जातो आणि काळी स्क्रीन येते. 'पहिल्यांदा चालतं, दुसऱ्यांदा उघडलं की काळं' असं कुणी सांगितलं की मी आधी स्टॅटिक शोधतो. सगळी स्थिती एका स्ट्रक्टमध्ये ठेवून ती अँड्रॉइड_मेनच्या सुरुवातीला बनवली की हा प्रश्न पडत नाही.

थोडक्यात काही

'टर्म विंडो'ला ईजीएल सरफेस नष्ट करा, काँटेक्स्ट शक्य तोवर ठेवा. हँडलर चालू असेपर्यंत विंडो वैध असते, तो संपल्यावर नाही. सेव्ह स्टेटसाठी मेमरी मॅलॉकनेच घ्या, कारण ती मोकळी करायचं काम ग्लू फ्रीने करतो. इनपुट क्यू स्वतः वाचत असाल तर प्रत्येक इव्हेंटला 'फिनिश' करा, एक राहिला तरी एएनआर येतो. सेन्सरची क्यू ज्या थ्रेडवर वाचायची त्याच थ्रेडच्या लूपरला बांधा. फ्रेमची वेळ कळवणाऱ्या कोरिओग्राफरचंही तसंच, त्याचा इन्स्टन्स लूपर असलेल्या थ्रेडवरच मागायचा.

तपासणीची माझी पद्धत कंटाळवाणी आहे, पण मी ती सोडत नाही. हाताशी असलेला सर्वांत हळू फोन घ्यायचा, डेव्हलपर ऑप्शन्समध्ये 'डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज' चालू करायचं आणि लोडिंग सुरू असतानाच होम दाबायचं, परत यायचं, फोन आडवा करायचा, उभा करायचा, स्क्रीन लॉक करायची, बॅक दाबून पुन्हा उघडायचं. एम्युलेटरवर आणि नव्या कोऱ्या फोनवर हे करून 'माझ्याकडे चालतंय' म्हणणाऱ्यांचं मी ऐकत नाही. यातल्या जवळजवळ सगळ्या चुका वेळेच्या आहेत आणि वेगवान फोन त्या झाकून टाकतो.

नवं ॲप सुरू करत असाल तर नेटिव्हॲक्टिव्हिटीऐवजी गेमॲक्टिव्हिटी घ्या. कीबोर्ड आणि जेटपॅकच्या लायब्ररी तिथे बरेच सोपे पडतात. पण तिचा ग्लूही याच धाटणीचा आहे, वेगळा थ्रेड आणि थांबणारा मेन थ्रेड तिथेही आहेत, तेव्हा वरचं लोडिंगचं सगळं तसंच लागू होतं. इनपुट मात्र वेगळं येतं: दर फ्रेमला 'स्वॅप इनपुट बफर्स' करून बफर घ्यायचा, त्यातले टच आणि कीचे इव्हेंट वाचायचे आणि मग दोन्ही क्लिअर करायचे. क्लिअर राहिलं तर तेच टच पुढेही पुन्हा पुन्हा हाताळले जातात.