कद्दीश म्हणताना घाई करू नका

आमच्या बेने इस्राएल (कोकणातल्या ज्यू) लोकांत घरातलं कोणी गेलं की त्याच्यासाठी कद्दीश ही प्रार्थना म्हणतात, आणि एक सल्ला हमखास मिळतो: "कद्दीश सोपा आहे, पुस्तकात बघून वाचून टाक." असं करू नका. कद्दीश एकट्याने वाचण्याची प्रार्थना नाही. ती समोरच्यांच्या उत्तरांवर उभी आहे.

केरिया (आईवडिलांसाठी डाव्या बाजूला, काळजाजवळ कपडा फाडणं), दफन, मग घरी सात दिवस खाली बसणं, हे सगळं हजान (प्रार्थना चालवणारा) आणि वडीलधारे सांभाळतात. तुम्ही एकच काम अंगावर घ्या: आदल्या रात्री फोन करून दहा पुरुष पक्के करा, तेरा वर्षं पूर्ण झालेले. कोकणातली बहुतेक घरं इस्राएलला गेली, आता "येतीलच" म्हणून भागत नाही. नऊच जमले तर कद्दीश म्हणू नका, तेहिलिम (स्तोत्रं) वाचा. ११९ वं स्तोत्र हिब्रू अक्षरांच्या क्रमाने आहे, प्रत्येक अक्षराची आठ वचनं. गेलेल्या माणसाच्या नावातल्या अक्षरांची वचनं वाचायची.

आता कद्दीश. भाषा अरामी आहे, म्हणून हिब्रू वाचता येणाऱ्याचीही जीभ अडखळते. पपा गेले तेव्हा मी तो देवनागरीत उतरवून घेतला होता. अक्षरं बरोबर होती. पण उभा राहिलो आणि एका दमात संपवला. लोकांचं "आमेन" माझ्या पुढच्या शब्दांवर आदळत राहिलं. दुसऱ्या दिवशी काकांनी बाजूला घेतलं, कागद मागितला आणि लाल पेनाने सात ठिकाणी आडव्या रेघा मारल्या. "इथे थांब. तुझ्यासाठी नाही, त्यांच्यासाठी." तो कागद घडीवर फाटलाय, तरी अजून माझ्या सिद्दुरमध्ये (प्रार्थनेच्या पुस्तकात) आहे.

तुम्हीही तशाच रेघा मारा. पहिली "यित्गदाल वेयित्कदाश शमे रबा" नंतर, दुसरी "मशिहे" नंतर. तिसरी सगळ्यांत महत्त्वाची: पहिल्या "वेइमरू आमेन" नंतर सगळे "यहे शमे रबा" म्हणतात, तेव्हा त्यांच्याबरोबर म्हणा, त्यांच्या पुढे धावू नका. शेवटी "ओसे शालोम" ला तीन पावलं मागे, मान आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग समोर. घरी मोठ्याने म्हणून बघा, आणि उत्तरं द्यायला कोणाला तरी समोर बसवा. मोबाइलवरचं रेकॉर्डिंग ऐकून चाल शिकता येते, थांबणं नाही.

मराठी अर्थही आधी वाचा. त्यात मृत्यूचा शब्दसुद्धा नाही, सगळी देवाच्या नावाची स्तुती आहे. मला पहिल्या आठवड्यात हे फार लागलं होतं, पपांचं नाव कुठेच कसं नाही म्हणून. नाव हश्काबात, म्हणजे गेलेल्या माणसासाठीच्या वेगळ्या प्रार्थनेत, येतं. ते हजानला आधी कागदावर लिहून द्या, रडत असताना सांगायला लावू नका.

आईवडिलांसाठी कद्दीश अकरा महिने म्हणायचा, बारा नाही. दुष्टांचा न्याय बारा महिने चालतो असं मानतात, आपले आईवडील त्यांत धरायचे नाहीत.

दर वर्षीच्या स्मरणदिवसाची तारीख हिब्रू पंचांगाने काढा, आणि त्यासाठी मृत्यूची वेळ आजच लिहून ठेवा. सूर्य मावळल्यावर गेले असतील तर हिब्रू तारीख दुसऱ्या दिवसाची लागते. दाखल्यावर फक्त इंग्रजी तारीख पाहून आमच्याकडे एका मावशीचा दिवस दोन वर्षं चुकीचा पाळला गेला.