आजाऱ्याला पेज, आणि मग ठसका: गिळायला त्रास असेल तर या चुका टाळा

आमच्या कोकणात कुणी आजारी पडलं की चुलीवर आधी पेज चढते. आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, अर्धांगाचा झटका आला आणि ते दवाखान्यातून घरी आले, तेव्हा मीही तेच केलं. उकड्या तांदळाची पेज, वर चिमूटभर मीठ. तिसऱ्या चमच्याला जो ठसका लागला तो थांबेना. पुढे स्पीच थेरपिस्टनी सांगितलं तेव्हा कळलं, चूक पेजेतच होती.

पातळ आणि घट्ट एकाच घासात

पेजेत दोन वस्तू असतात, पाण्यासारखी निवळ आणि अख्खी शितं. गिळणं मंदावलेला माणूस शितं चघळतोय तोवर निवळ घशात उतरते आणि श्वासनलिकेत शिरू शकते. चहात बुडवलेलं बटर, पातळ आमटीत कालवलेला भात, दोन्हींचं तेच. पेज बंद करायची गरज नाही. मऊ शिजवून, घोटून, गाळून एकजीव केली की झालं. आमच्या घरी मात्र पेजेपेक्षा कुळथाची पिठी जास्त कामी आली. ती मुळातच गुळगुळीत, हवी तेवढी दाट करता येते, आणि आजाऱ्याचं जेवण वाटत नाही. गुठळी राहू द्यायची नाही आणि फोडणीतला लसूण काढून टाकायचा, एवढंच.

किती दाट, हे मात्र घरच्यांनी ठरवायचं नाही. आयडीडीएसआय नावाची ० ते ७ पायऱ्यांची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. त्यातली आपल्या माणसाची पायरी तपासणी करून थेरपिस्ट सांगतात. आबांची होती ४ नंबरची, म्हणजे अजिबात चावायला न लागणारं. याची घरची परीक्षा सोपी आहे. काट्याच्या चमच्यावर घेतलं तर ढीग बसून राहिला पाहिजे, खाली सतत गळता कामा नये. साधा चमचा कलता केला की गोळा अलगद सुटून पडला पाहिजे. चमच्याला चिकटून राहिला तर तो घशालाही चिकटणार.

सगळं एकदम मिक्सरमध्ये

पहिल्या आठवड्यात मी भात, वरण, भाजी एकत्र फिरवून एक करडा लगदा वाटीत दिला. आबांनी बघितलं आणि म्हणाले, "ह्यां काय गो? माका नको." त्यांचं काय चुकलं? भिंतीला लावायची लांबी कोण खाईल!

तेव्हापासून प्रत्येक पदार्थ वेगळा वाटते आणि ताटात वेगळा वाढते. पिवळं वरण, लाल भोपळा, कोकमाच्या रंगाची आमटी. सैल करायला पाणी घालत नाही. पाण्याने चव जाते आणि पोटात कमी जातं, आधीच दोन-चार घासांवर भागवणाऱ्याचं वजन घटत जातं. त्या पदार्थाचाच रस्सा, नारळाचं दूध नाहीतर तूप घालावं. भात मिक्सरमध्ये फार फिरवू नका, त्याची खळ होते. आणि माशाच्या आकाराच्या साच्यात मासा घालून देऊ नका. कुणी काही म्हणो, सत्तरीच्या माणसाला ते पोरखेळ वाटतं.

फोडणी आणि मासे बंद

मोहरी, कढीपत्ता घशात अडकतो म्हणून फोडणीच टाळली जाते. फोडणी करा आणि तेल गाळून वर घाला, चव तेलात उतरलेलीच असते. तिरफळही आमटीत उकळू द्या, वाटण्याआधी वेचून काढा.

माशाचं जास्त जपायचं. मिक्सरने काटे नाहीसे होतात, हा गैरसमज आहे. त्यांचे बारीक तुकडे होतात आणि मग ते दिसतही नाहीत. सुरमईचा तुकडा उकडून ताटलीत बोटांनी कुस्करायचा, काटे हाताला लागतात. मग आमटीच्या रश्श्यात वाटून बारीक गाळणीतून काढायचा. बांगडा आणि तारली आम्ही सोडूनच दिली.

गार, गोड म्हणून चालेल

आईस्क्रीम आणि जेली तोंडात वितळून पाणी होतात. सोलकढी आणि शहाळ्याचं पाणी तर पातळच. ज्यांना पातळ द्रव मना आहेत त्यांना यातलं काहीही विचारल्याशिवाय नको. दाट करायची पावडर प्रत्येक द्रवात सारखी वागत नाही, म्हणून डब्यावरची वेळ थांबून मगच दाटपणा बघावा. हापूसचा रस गाळून चालतो का विचारा. आम्हाला परवानगी मिळाली, आणि त्या मे महिन्यात आबा पहिल्यांदा पोटभर जेवले.

बसवण्याबद्दल थोडक्यात. पाठ सरळ ठेवून खुर्चीत, टीव्ही बंद, छोटा चमचा, जेवणानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, आणि तोंड स्वच्छ. ठसका लागत नाही म्हणजे सगळं ठीक, असंही धरू नका. काहींच्या श्वासनलिकेत अन्न बिनबोभाट जातं. जेवल्यावर आवाज ओलसर, घरघरता झाला किंवा वरचेवर ताप येऊ लागला तर डॉक्टरांना दाखवा.

चतुर्थीला मोदकाचा हट्ट

उकडीची पारी चिकट, आतलं चुन, म्हणजे गूळ-खोबऱ्याचं सारण, रवाळ, म्हणजे दोन्हीकडून धोका. मी नारळाच्या दुधात तांदळाची पिठी शिजवते, हळदीचं पान त्यात टाकून उकळी आणते आणि काढते. खाली उतरवल्यावर गूळ, वेलदोडा, मग गाळणी. वास अगदी मोदकपात्राचं झाकण काढल्यासारखा येतो. तोंडात गेलेला चमचा मात्र वाटीत परत घालू नये. थुंकीने पिठीचा दाटपणा मोडतो आणि खीर बघता बघता पातळ होते. मी दोन छोट्या वाट्यांत थोडी थोडी काढते. गार झाली की ती घट्ट आणि चिकट होते, म्हणून दुसरी वाटी कोमट पाण्यात ठेवलेली असते. वाढायच्या आधी चमचा पुन्हा एकदा कलता करून बघते.