दिवाळीच्या आगेमागे धरणावर गळ टाकायचा असेल तर

गणपती गेले, नवरात्र संपत आलं आणि परतीचा पाऊस एकदाचा थांबला की खान्देशात धरणावर गळ टाकायचा खरा सीझन सुरू होतो. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून ते थंडी नीट पडेपर्यंत, म्हणजे दिवाळीच्या मागेपुढे महिना-दीड महिना. पावसाळ्यात पाणी चहासारखं गढूळ असतं, हतनूरचे ४१ दरवाजे कधी उघडे कधी बंद, पातळी रोज वरखाली, मासा एका जागी टिकतच नाही. आता धरण भरलेलं असतं, गाळ खाली बसायला लागतो, पाणी निवळतं पण अजून कोमट असतं, आणि पावसाळ्यात अंडी देऊन मोकळा झालेला कटला, राहू, मिरगल पोटभर खात असतो. गिरणा असो, वाघूर असो, हतनूर असो किंवा नंदुरबारकडचं उकाईचं बॅकवॉटर असो, हिशोब सगळीकडे जवळपास सारखाच आहे.

आधी परवानगीचं बघा. आपल्याकडच्या बहुतेक धरणांवर मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, बीज त्यांनी पैसे घालून सोडलेलं असतं, त्या माशावर भोई आणि भिल कुटुंबांचं घर चालतं. त्यामुळे काठावरच्या संस्थेच्या माणसाला भेटा, गळ टाकायचा आहे म्हणून सांगा, पावती असेल तर फाडा. आणि दोन शब्द बोलत बसा, कारण मासा सध्या कोणत्या बाजूला जाळ्यात येतोय हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.

आता मुख्य गोष्ट. नवीन पोरं आमिषाच्या मागे लागतात, कोणता मसाला, कोणतं एसेन्स, युट्युबवर काय दाखवलं. माझं म्हणणं आहे की आमिष नंतर, आधी काठ आणि खोली. एवढं मोठं पाणी, त्यात मासा नसलेल्या जागी सोन्याचं आमिष टाकलं तरी काय होणार?

काठ वाऱ्यावरून ठरवायचा. पावसाळाभर वारा नैऋत्येकडून येतो, तो गेला की आपल्याकडे ईशान्येचा, पूर्वेचा वारा सुरू होतो. पाण्यावरचं बारीक खाद्य, शेवाळ, किडे हे सगळं वारा ढकलत नेऊन समोरच्या काठाला लावतो. म्हणजे श्रावणात ज्या काठावर मासा लागत होता तो काठ ऑक्टोबरमध्ये सुना पडू शकतो, आणि पश्चिमेकडचा, नैऋत्येकडचा काठ चालायला लागतो. वारा तोंडावर येतो, टाकायला त्रास होतो, म्हणून माणसं पाठीला वारा घेऊन बसतात आणि तिथंच चुकतात. दोन-तीन दिवस सलग एकाच दिशेनं वारा वाहिला असेल तर समोरून वारा येणाऱ्या काठावरच बसा. त्यातही जुन्या नाल्याचं तोंड, बुडालेला बांध, बाभळीची खुंटं जिथं असतील तिथं. उन्हाळ्यात पाणी उतरलेलं असताना मोबाईलवर फोटो काढून ठेवले असतील तर आत्ता भलते कामाला येतात, कारण तेव्हा उघडा दिसलेला बांध आता पाच-सहा हात पाण्याखाली असतो आणि मासा त्याच्या कडेनं फिरतो.

खोली मोजायला मशीन लागत नाही. गळाला एक जड शिसं अडकवा, फ्लोट (पाण्यावर तरंगणारी खूण) अंदाजानं लावा आणि टाका. फ्लोट बुडाला तर पाणी त्याहून खोल आहे, वर सरकवा. आडवा पडला तर पाणी कमी आहे, खाली घ्या. उभा राहून फक्त टोक दिसलं की तीच खोली. ही दहा मिनिटं दिल्याशिवाय आमिषाची डबी उघडूच नका. पाणी रॉडच्या लांबीपेक्षा खोल असेल तर पक्का फ्लोट टाकता येत नाही, मग सरकता फ्लोट घ्यायचा आणि तंगूसावर (गळाच्या नायलॉनच्या दोरीवर) हव्या त्या ठिकाणी दोऱ्याची बारीक गाठ मारायची, फ्लोट तिथं येऊन अडतो.

खोली कळली की कोणता मासा पाहिजे ते ठरवा, कारण तिघं तीन मजल्यांवर जेवतात. कटल्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं, तो वरच्या थरातलं बारीक खातो. राहू मधल्या थरात. मिरगल तळाशी, त्याचं तोंड खाली वळलेलं. सायप्रिनस (कॉमन कार्प) पण तळच उकरतो. म्हणजे पंधरा फूट पाण्यात कटल्यासाठी आमिष वरून तीन-चार फुटांवर पाहिजे, राहूला सात-आठ फुटांवर, आणि मिरगलला तळाला टेकलेलं. एकच खोली धरून दिवसभर बसलं तर दोन मासे तुमच्या आमिषाच्या वरून नाहीतर खालून निघून जातात. अर्ध्या तासात काहीच हाललं नाही तर आमिष बदलण्याआधी फ्लोट फूटभर वरखाली करून बघा.

सामानाचं फार लांबवत नाही. दहा-बारा फुटी रॉड, ४००० साईजचं रीळ, ०.३५ मिलिमीटरचं चांगलं तंगूस. गळ ४ किंवा ६ नंबरचा राहू-मिरगलला पुरतो (नंबर वाढला की गळ लहान होतो, १/० पासून पुढं मात्र उलटं). गळाच्या डोळ्यातून तंगूस घालून पाच-सहा पिळे द्या, टोक पहिल्या फटीतून काढा आणि ओढण्याआधी गाठ थुंकीनं ओली करा, कोरडी ओढली तर घासून तंगूस तिथंच कमजोर होतं. रिळाचा ब्रेक तंगूसाच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शावर सुटला पाहिजे, म्हणजे तंगूस ९ किलोचं असेल तर साधारण अडीच किलोला. बाजारातला स्प्रिंगचा काटा लावून घरीच बघून घ्या.

आता आमिष. बेस म्हणून शेंगदाण्याची ढेप, रात्री भिजवून सकाळी हातानं मोडायची. त्यात भाजलेल्या चण्याचं पीठ, थोडा तांदळाचा कोंडा, भाजून कुटलेली मेथी, गुळाचं पाणी. जळगावकडच्या माणसाला एक सोय आहे, जास्त पिकलेली काळी पडलेली केळी, ती कुस्करून मळली की गोळ्याला गोडवा येतो आणि चिकटपणा पण येतो, पाणी वेगळं घालावं लागत नाही. कटल्याला गोळा पाण्यात लवकर विरघळून ढग झाला पाहिजे, म्हणून पीठ सैल आणि बारीक, पीठ धरणाऱ्या तारेच्या स्प्रिंगवर दाबून लावायचं, गळ बाजूला लोंबते ठेवायचे, तो ढग चोखताना गळ तोंडात घेतो. मिरगलला उलट घट्ट गोळा नाहीतर गांडूळ. सायप्रिनसला मका, पण दिवसभर भिजवून नखानं दबेल इतका उकडलेला, कच्चा नाही. मासा जमवायला टाकायचा चारा एकदम पाटीभर ओतू नका, मासा खाऊन तृप्त होतो आणि गळाकडं बघत नाही. लिंबाएवढे चार-पाच गोळे, दर वीस मिनिटांनी, एकाच जागी. समोरच्या काठावरचं एखादं झाड खुणेला धरा म्हणजे हात भटकत नाही.

फ्लोट वाचायला वेळ लागतो पण मजा सगळी तिथंच आहे. टकटक बारीक उड्या मारत असेल तर चिलापी (तिलापिया) किंवा लहान मासा, थांबा. संथपणे सरकत तिरका खाली गेला तर बहुतेक राहू. आणि फ्लोट बुडायच्या ऐवजी वर उचलून आडवा पडला तर लगेच झटका द्या, तळावरच्या मिरगलानं आमिषासकट शिसं उचललेलं असतं. मासा लागला की रॉड उभा धरा, पळतो तेव्हा पळू द्या, थांबतो तेव्हा गुंडाळा. मोठा कटला काठाजवळ आल्यावर शेवटची दौड हमखास मारतो, तेव्हा हातजाळी पाण्यात आधीच बुडवून ठेवलेली पाहिजे आणि मासा जाळीवर ओढायचा, जाळी माशामागे फिरवायची नाही.

मरळ हा वेगळा विषय आहे. तो हवा घ्यायला वर येतो, काठाच्या गवतात, जलपर्णीच्या फटीत बुडबुडा आणि हलकी गटांगळी दिसली की समजायचं. तिथं रबरी बेडूक गवतावरून ओढत न्यायचा. पण पाण्यावर लालसर पिल्लांचा झुबका दिसत असेल तर तिथली मरळ सोडून द्या, नर-मादी पिल्लांची राखण करत असतात, ते गेले की अख्खा झुबका इतर माशांच्या पोटात जातो.

वेळेचं पण सांगतो. ऑक्टोबर हीटमध्ये सकाळी उजाडल्यापासून साडेनऊपर्यंत आणि दुपारी चारनंतर. भर दुपारी मासा खोलात जातो. दिवाळीनंतर पहाट गार पडायला लागली की हे उलटं होतं, सकाळी सातला जाऊन नुसतं कुडकुडत बसण्यात अर्थ नाही, दहा ते तीन बसा, उन्हानं काठाचं उथळ पाणी तापतं तिथं मासा येतो. पहिल्या थंडीच्या लाटेत वरचं पाणी गार होऊन जड होतं आणि खाली जातं, सगळं पाणी ढवळतं, तेव्हा दोन-तीन दिवस मासा तोंड उघडत नाही, घरी थांबा. रब्बीचं आवर्तन सुटून पातळी उतरायला लागली की मासा उथळातून मागं सरकतो, तुम्ही पण काठ सोडून खोल कडेला या. डिसेंबरात राहू-कटला मंदावतो, सायप्रिनस मात्र थंडीतही खातो.

काही गोष्टी कडक पाळा. धरणाच्या भिंतीखाली नदीपात्रात कधीच बसू नका, पाणी सुटल्यावर पळायला वेळ मिळत नाही. वरून विजेच्या तारा जात असतील तिथं रॉड उभारू नका, कार्बनच्या रॉडमधून करंट येतो, परतीच्या पावसात वीज कडाडली तरी रॉड खाली ठेवून लांब व्हा. पाणी उतरलेल्या जागी वरून वाळलेला दिसणारा गाळ आत कमरेपर्यंत असू शकतो, काठी टोचून मगच पाय टाका. गवतात घोणस असते, बूट घाला.

गळाला कासव लागलं तर ओढाताण करू नका, मऊ पाठीची कासवं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. गळ सहज निघाला तर काढा, नाही तर तंगूस तोंडाजवळ कापून कासव पाण्यात सोडा. तुटलेलं तंगूस मात्र एक वीतभर पण काठावर टाकायचं नाही, याच दिवसांत हतनूरला बाहेरगावची बदकं उतरायला लागतात आणि त्यांचे पाय त्यात अडकतात. तिथंच गुंडाळी करून खिशात घाला.

किलोच्या आतले राहू-कटले परत सोडा, ओल्या हातानं धरा. घरी न्यायचा मासा लगेच मारून पोट साफ करून बर्फात ठेवा, मिरगलच्या पोटातला काळा पडदा नीट खरडून काढा, मातीचा वास येतो त्यातला बराचसा तिथंच जातो, बाकी काळ्या मसाल्याच्या रश्श्यात आणि कळण्याच्या भाकरीसोबत कळत पण नाही.