आधी घट्ट, मग सपाट: फ्लोअरिंगखालची लाकडी जमीन

नवं फ्लोअरिंग घरात येऊन पडलं की हात शिवशिवतात. तरी जुनं आवरण काढल्यावर खालच्या प्लायवरून, म्हणजे तुळयांवर ठोकलेल्या प्लायवूडच्या जमिनीवरून, आधी अनवाणी, सावकाश, भिंतीपासून भिंतीपर्यंत चाला. जिथं करकरतं, जिथं पाय दबतो, तिथं खडूनं खूण करा.

पहिल्या खेपेला मी हे केलं नव्हतं. सरळ लेव्हलिंग कंपाउंड (पाण्यात कालवून ओतायची, जमीन सपाट करणारी पूड) कालवलं, ओतलं आणि गुळगुळीत जमीन बघून खूश झालो. महिनाभरात दाराजवळ तडे गेले. तिथला प्लाय तुळईपासून सुटलेला, पाय पडला की वरखाली व्हायचा. त्यावर कंपाउंड बिचारं काय टिकणार! दोन दिवस छिन्नी-हातोडी घेऊन ते फोडत बसलो.

वर आलेले खिळे पुन्हा ठोकू नका, ते परत वर येतात. शेजारी स्क्रू मारा. तुळया कुठून जातात ते खिळ्यांच्या रांगाच सांगतात. 18 मिमी प्लायला 50 मिमीचे स्क्रू पुरतात: कडांना साधारण 15 सेंमीवर, मधे 30 सेंमीवर. डोकं पृष्ठभागाच्या किंचित खाली बसलं पाहिजे. फार लांब स्क्रू घेऊ नका, तुळईतून वायर किंवा पाइप गेलेला असू शकतो.

काळपट डाग दिसला की स्क्रूड्रायव्हर टोचा. टोक सहज घुसलं तर लाकूड सडलंय. आधी ओल कुठून येते ते शोधा, ती थांबवा, मगच करवत हातात घ्या. पात्याची खोली प्लायच्या जाडीएवढीच ठेवा आणि सडका भाग दोन्हीकडच्या तुळयांच्या मध्यापर्यंत कापा, म्हणजे नव्या तुकड्याला टेकायला जागा मिळते. ज्या कडेखाली तुळई नाही तिथं आडवा ठोकळा बसवा. तुकड्याभोवती 3 मिमी फट सोडा; लाकूड फुगतं.

आता सपाटी. इथं पाणसळीच्या बुडबुड्यामागे लागू नका. किंचित उतार असला तरी बहुतेक फ्लोअरिंगला चालतो, लाटा चालत नाहीत. दोन मीटरची सरळ ॲल्युमिनियम पट्टी जमिनीवर उभ्या कडेवर धरा आणि मागून टॉर्च लावा. खालून उजेड झिरपला की तिथं खड्डा. पट्टी झुलली तर मधे उंचवटा. 3 मीटरमागे 5 मिमीच्या आत फरक ही साधारण मर्यादा. तुमच्या फ्लोअरिंगच्या खोक्यावर कमी लिहिली असेल तर तीच पाळा.

उंचवटे बहुतेक सांध्यांवर, प्लायच्या फुगलेल्या कडांचे असतात. खिळ्या-स्क्रूंची डोकी आणखी खाली बसवून मगच रंधा किंवा सँडर चालवा, नाहीतर पातं गेलंच समजा. जुन्या घरात काळा चिकटा किंवा जुना रंग असेल तर तपासून घेतल्याशिवाय अजिबात घासू नका: चिकट्यात ॲस्बेस्टॉस, रंगात शिसं असू शकतं.

खड्ड्यांसाठी लाकडावर चालणारंच कंपाउंड घ्या. आधी सगळे सांधे आणि भोकं सीलंटनं बुजवा, मग प्रायमर. एक बोटभर भोक राहिलं तरी माल खालच्या मजल्याच्या छतातून ठिबकतो. पाणी पिशवीवर लिहिलंय तेवढंच, मोजून. जास्त घातलं तर वरचा थर भुसभुशीत होतो.

फळ्या खिळ्यांनी ठोकायच्या असतील तर मात्र कंपाउंडच्या वाटेला जाऊ नका. खिळा घुसला की ते फुटतं. तिथं खोलगट भागात पातळ प्लायचे तुकडे एकावर एक, वरचा मोठा आणि खालचा लहान असे चिकटवून भर घाला.