पद्मिनीच्या छताचा आणि काचेच्या चौकटीचा गंज काढताना

प्रीमियर पद्मिनी या जुन्या मोटारीत पायाखालची मॅट ओली लागली की लोक फ्लोअर उचकायला घेतात. आधी वर बघा. छताच्या कडेची पन्हळ म्हणजे स्पॉट वेल्डने जोडलेल्या पत्र्यांचा सांधा. त्यावरचं सीलर (सांधा बुजवणारा लगदा) तडकलं की पाणी आत शिरतं आणि छत पेलणाऱ्या खांबातून उतरून फ्लोअरवर येतं. दुसरी जागा पुढच्या काचेच्या रबराखालचे दोन्ही कोपरे. तिथे रंग फुगलेला दिसला, तर खालचा पत्रा बहुधा गेलेला असतो.

नाशकात जून ते सप्टेंबर हे काम काढू नका. उघडा पत्रा रात्रीत तांबूस होतो आणि पुटी, म्हणजे पेंटरची लांबी, ओल धरते. डिसेंबर-जानेवारीत अडचण वेगळी: पहाटे पारा १० अंशांखाली जातो आणि इपॉक्सी प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, पिकत (कडक होत) नाही. त्या दिवसांत तो दुपारच्या उन्हातच मारा.

बॅटरी सोडा. सीटा आणि छताचं कापड बाहेर काढा. ओलं फडकं लावून वेल्डिंग उरकू म्हणाल तर कापड पेटेल. काचेचं रबर कडक झालं असेल तर ते वाचवण्याच्या फंदात पडू नका. बाहेरची कड कटरने कापा आणि काच आतून तळहाताने, कोपऱ्यांपासून हळूहळू ढकला.

आता स्क्रूड्रायव्हरने टोचत जा. जिथे टोक आत जातं तिथून चांगल्या पत्र्यात आणखी १५ ते २० मिमी सरकून खूण करा. चौकटीचे दोन्ही कोपरे एकदम कापू नका. आधी पुठ्ठ्याचा साचा काढा, खांबाला खांब जोडणारी एक पट्टी तात्पुरती टाका आणि मग एकेक कोपरा घ्या. हे टाळलं की चौकट दोन-तीन मिमी सरकते आणि मग काच बसतच नाही.

ठिगळासाठी २० गेजचा सीआरसीए (थंड लाटलेला साधा पोलादी) पत्रा घ्या. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा नको, त्यातल्या जस्ताचा धूर विषारी असतो आणि वेल्डच्या टाक्यात भोकं पडतात. पन्हळीची लांब सरळ घडी हाताने ठोकण्यापेक्षा नाशकातल्या सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या बेंडिंगवाल्याकडून मारून आणा. ठिगळ कडेला कड लावून बसवा, एकावर एक नाही. चौकटीच्या कडेवर पत्रा दुप्पट जाड झाला की रबर तिथे उचलून बसतं, काचेवर ताण येतो आणि पुढे गाडी खड्ड्यात गेली की काच तडकते.

सीओटू मशीनला (गॅसच्या आवरणात तार वितळवणारं वेल्डिंग मशीन) ०.८ मिमी तार चालते. आर्गॉन मिसळलेला गॅस मिळाला तर पातळ पत्रा कमी जळतो. छत सपाट असल्याने उष्णतेने लगेच लाटा येतात, म्हणून सलग टाका ओढायचा नाही. २५ मिमीवर एकेक ठिपका द्या, मग समोरासमोरच्या बाजूंनी भरत जा. पत्र्याला हात लावता येईपर्यंत पुढचा ठिपका नको. गॅस वेल्डिंगवाला कितीही कुशल असला तरी छताला त्याचा हात लागू देऊ नका.

ग्राइंडरवरच्या ८० नंबरच्या फ्लॅप डिस्कने (घासायच्या चकतीने) वेल्ड घासून पत्र्याबरोबर करा, पण भोवतालचा पत्रा पातळ करू नका. रंगाआधी काच कोरडी लावून बघा. फट चारी बाजूंनी सारखी हवी.

मग इपॉक्सीचे दोन हात. नुसता रेड ऑक्साइड प्रायमर स्वस्त पडतो, पण पाणी पितो. पन्हळीत सीम सीलर इपॉक्सीवर भरा, उघड्या पत्र्यावर नाही. लांबीचा (पुटीचा) थर २ मिमीच्या वर जात असेल तर पत्रा पुन्हा ठोका. खांबाच्या पोकळीत लांब नळीच्या स्प्रेने मेण सोडा आणि निचऱ्याची भोकं मोकळी ठेवा.

काच बसवताना नव्या रबराच्या खाचेत ४-५ मिमी नायलॉनची दोरी घाला, साबणाचं पाणी लावा. एकाने बाहेरून दाबायचं, दुसऱ्याने आतून दोरी ओढायची. रबराखाली व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन चालणार नाही. सुकताना ते आम्ल सोडतं आणि पत्रा पुन्हा खातं.

छताचं कापड शेवटी. त्याआधी बारीक धारेचा पाइप खालच्या कोपऱ्यापासून वर नेत प्रत्येक जागी ५ मिनिटं धरा आणि एकजण टॉर्च घेऊन आत बसू द्या. वरून सुरुवात केलीत तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि गळती नेमकी कुठे आहे ते समजत नाही.