गाडी तापतीय? आधी प्लग काढून बघा

ऊन वाढलं की आपल्या कोल्हापुरात गाडी तापायची तक्रार सुरू होते, उद्यमनगरात मेकॅनिककडं नेली की पहिला सल्ला ऑइल बदला. बदला की, पण त्याआधी स्पार्क प्लग (इंजिनात ठिणगी पाडतो तो) काढून नीट बघा, आत किती तापतंय ते त्याच्यावर दिसतंय. हे मुख्यतः कार्बोरेटरवाल्या (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) एअरकूल्ड, म्हणजे वाऱ्यानं थंड होणाऱ्या गाड्यांसाठी लिहितोय, जुनी स्प्लेंडर, पल्सर, बुलेट वगैरे. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ इंजेक्शनवाल्या गाडीत पेट्रोल किती जायचं ते सेन्सर आणि ईसीयू (गाडीतला छोटा कॉम्प्युटर) ठरवतात, तिथं प्लग बघता येतो पण कार्बोरेटरसारखा स्क्रू पिळून काही होत नाही.

पहिली गोष्ट, दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला थांबत थांबत घरी आणलेल्या गाडीचा प्लग काढून रंग बघू नका. प्लगवर शेवटी जसं इंजिन चाललं तसा रंग येतो, आयडलवर घुरघुरत ठेवली की काळपट दिसणारच. मग लोक म्हणतात पेट्रोल जास्त जातंय, आणि अजून कमी करतात, आणि गाडी अजून तापते.

लोड देऊन बघायचं. वाघबीळच्या पुढं पन्हाळ्याचा चढ आहे तो यासाठी एकदम भारी, कारण चढाला स्पीड कमी राहून इंजिनवर लोड येतो, हायवेवर ऐंशी-नव्वदनं पळवायची गरज नाही. रविवारी जाऊ नका, टुरिस्टच्या गाड्या असतात, आठवड्यात सकाळी जायचं. शक्यतो नवा प्लग लावायचा, गाडी आधी चांगली गरम होऊ द्यायची, मग तिसऱ्या गिअरला थ्रॉटल बऱ्यापैकी उघडा ठेवून सरळ पट्टा चढायचा, मागं-पुढं कुणी नाही बघून क्लच दाबायचा आणि लगेच किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण), आणि कडेला घ्यायची. किल स्विच नसला तर कडेला घेतल्याबरोबर चावी बंद, आयडलवर ठेवायची नाही. प्लग मात्र लगेच काढू नका, हेड (इंजिनचा वरचा भाग, ज्यात प्लग बसतो) ॲल्युमिनियमचं, गरम असताना पाना मारला की आटे जायची भीती. हात लावता येईल इतकं थंड होऊ द्या.

आता बघायचं. मोबाइलचा कॅमेरा झूम करा, नुसत्या डोळ्यानं निम्मं दिसत नाही. मधला चिनीमातीचा भाग चहात बुडवलेल्या बिस्किटाच्या रंगाचा असला तर विषय संपला. पांढराफटक, खडबडीत, त्याच्यावर बारीक फोड आल्यासारखे असतील तर प्लग जास्त तापतोय. प्लगचं टोक साधारण ४५० डिग्रीच्या वर गेलं की काजळी आपोआप जळते आणि ८०० च्या पुढं गेलं की ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेट घ्यायचा धोका. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, तेलकट काळा म्हणजे पिस्टनची रिंग नाहीतर व्हॉल्व्ह सील गेलंय आणि ऑइल आत येतंय, ते दुखणं वेगळं.

फक्त चिनीमाती बघून थांबू नका. बाहेरची जी वाकलेली पट्टी असते, तिच्यावर तापल्यामुळं रंग बदलल्याची एक रेघ दिसते. रेघ पट्टीच्या वळणाच्या आसपास असली तर बरोबर, पार खाली आट्यांजवळ सरकली असली तर टायमिंग जास्त ॲडव्हान्स, म्हणजे ठिणगी लवकर पडत असू शकतेय, नाहीतर प्लगच चुकीचा. आणि चिनीमातीवर चमकणारे बारीक चंदेरी ठिपके दिसले तर गाडी चालवू नका, ते पिस्टनचं ॲल्युमिनियम असतंय. टेम्पो करा, पण चालवत नेऊ नका.

पांढरा निघाला तर सगळ्यात आधी आठवा, प्लग काढताना सैल होता का? प्लगची उष्णता आटे आणि वॉशरमधून हेडमध्ये जाते, सैल असला की जायला वाटच नाही, बाकी सगळं बरोबर असूनही तो भाजतो. मग कार्बोरेटर आणि हेडच्या मधलं रबर बघा, जुन्या गाडीत तिथं हमखास चीर असते. इंजिन आयडलवर ठेवून रबरावर पाण्याचा बारीक फवारा मारा, आवाज बदलला तर हवा खेचतंय. मग मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल यायचं बारीक भोक) काढून साफ करा. पावसाळ्यात उसाच्या रानातनं फिरणाऱ्या गाडीच्या फिनमध्ये (इंजिनवरच्या थंड व्हायच्या पट्ट्या) चिखल वाळून बसलेला असतो, तो खरवडून काढा.

आणि पेट्रोल. आता पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतंय, त्यातलं इथेनॉल आपल्याच जिल्ह्यातले साखर कारखाने पण बनवतात, पण इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणून साध्या पेट्रोलवर सेट केलेला जुना कार्बोरेटर आता लीन पडतो, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं, आणि प्लग आधीपेक्षा पांढरट निघतो. थोडा पांढरट असला तर लगेच घाबरू नका, पण पट्टीची रेघपण खाली सरकलेली असली तर जेट एक नंबर वाढवायचा विचार करा.

गाडी तापतीय म्हणून डायरेक्ट थंड प्लग (स्वतःची उष्णता लवकर हेडला देणारा) बसवून देणारे पण आहेत. त्यानं प्लग वाचतो, पिस्टन तसाच तापत राहतो. शिवाय नंबरचा घोळ आहे, एनजीकेमध्ये नंबर मोठा तेवढा प्लग थंड आणि बॉशमध्ये नेमका उलटा, त्यामुळं कंपनी बदलून तोच नंबर मागू नका, मॅन्युअलमधला कोड दाखवा.

परत बसवताना आधी हातानं पूर्ण फिरवायचा, पाना नंतर. नवा वॉशर असला तर हातानं टेकल्यावर पान्यानं साधारण अर्धा फेरा, जुना दाबलेला वॉशर असला तर अगदी थोडासाच. पान्यावर लोंबकळू नका.